काच वर हवी की खाली?

ठकीच्या लग्नाला अप्पांची गाडी न्यायची असं ठरलं, तेव्हा त्या गाडीच्या चारही काचा व्यवस्थित बंद होत्या आणि घरातली माणसं एकमेकांशी नीट बोलत होती.

ठरवलं ठकीनंच. "मला ती भाड्याची, फुलांनी मढवलेली गाडी नको. मी आजोबांच्या गाडीतून जाणार," असं तिनं जाहीर केलं. लग्न तसं साधंच होतं. शनिवारी सकाळी अकराला नोंदणी कार्यालयात सह्या, मग दोन्ही घरच्यांचं जेवण, आणि दुपारी नवरा-नवरी परस्पर समुद्रावर. अकराची वेळ चुकली तर मात्र पुढची वेळ थेट त्यानंतरच्या आठवड्यात मिळणार होती. म्हणजे थाट काय तो गाडीचा, आणि भीती काय ती घड्याळाची.

गाडी होतीही थाटाची. निळीशार, बोटीसारखी लांबलचक, पुढं सोफ्यासारखं सलग सीट, आणि त्या काळात कोणी ऐकलीही नव्हती अशी एक चैन: बटण दाबलं की काच आपोआप वरखाली. अप्पा, म्हणजे ठकीच्या आईचे वडील, ऐन उमेदीत असताना त्यांनी ती घेतली होती. ऐंशी ओलांडल्यावर ते लेकीकडे राहायला आले ते गाडीसकट. लेक शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे सगळी गल्ली तिला 'बाई' म्हणायची. जावई दातांचे डॉक्टर. त्यांना सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणत.

अप्पांनी जावयाला कधी वाईट म्हटलं नव्हतं. चांगलंही म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी खपून त्यांना नवी कवळी करून दिली, तेव्हा अप्पांनी तिच्यानं एक अख्खं सफरचंद कडाकडा चावून खाल्लं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "सफरचंद चांगलं आहे."

तेव्हापासून डॉक्टर संधीच्या शोधात होते. गाडीच्या रूपानं ती चालून आली. बुधवारी त्यांनी दवाखान्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, गाडी बाहेर काढली, आतून-बाहेरून धुतली आणि आतला ओलावा जावा म्हणून पुढची डावीकडची काच खाली केली. काच झोकात खाली गेली. वर येईना.

बटण पुन्हा वर दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. हळूच, बेसावध गाठल्यासारखं दाबून पाहिलं. तरी काही नाही.

"अहो, काय झालं?" घरातून बाईंचा आवाज आला.

"काही नाही!"

बाईंची हयात वर्गांवर नजर ठेवण्यात गेली होती. 'काही नाही' या उत्तराचा अर्थ 'काहीतरी मोडलंय' असा होतो हे त्या कोणत्याही भिंतीपलीकडून ओळखत. त्या बाहेर आल्या, काचेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माणूस बोलवा."

"अगं, त्यात माणूस कशाला? मी रोज लोकांच्या जबड्यात काम करतो. हा एवढा मोठा दरवाजा आहे. उजेड आहे, जागा आहे, पेशंट चावत नाही. आणखी काय हवं?"

"अप्पांना विचारलंत?"

अप्पा पडवीत आरामखुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र किंचित खाली आलं. "करू द्या," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. त्या घरात त्या वेळी वरखाली होणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

डॉक्टरांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. त्यांनी आधी फ्यूज तपासला. फ्यूज ठणठणीत. मग संशय आला बटणाचा. आता बटण खराब आहे की दार खराब आहे हे कसं ओळखायचं? सोपं आहे. चालू बटण काढून इथं लावायचं. त्यांनी चालकाच्या दाराचं बटण काढलं आणि डावीकडच्या दारात बसवलं. वर दाबलं. काच बोटभर वर आली, थरथरली, आतून चर्र असा आवाज झाला, बारीकसा जळका वास आला आणि काच सावकाश पुन्हा खाली जाऊन बसली.

"म्हणजे बटणाचा दोष नाही," डॉक्टर स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी ते बटण चालकाच्या दारात परत लावलं. इथवर सगळं ठीक होतं. पण दात भरल्यावर 'जरा चावून बघा' असं म्हटल्याशिवाय पेशंटला खुर्चीतून उठू द्यायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी चालकाची काच खाली नेली. गेली. वर दाबली. आली नाही.

आता दोन काचा खाली होत्या.

"बटणं जुनी झालीत," डॉक्टरांनी निदान बदललं. "मागच्या दारांची फारशी वापरलेली नसतील. त्यातलं एक लावून बघू."

मागच्या दाराचं बटण आलं. डावीकडे बसलं. चर्र झालं. परत जागेवर गेलं. चावून बघितलं. तिसरी काच खाली गेली ती तिकडचीच झाली.

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. बातम्यांपेक्षा समोर जास्त घडत होतं. "आता एकच राहिली," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नुसती माहिती, हे अप्पांच्या बोलण्यावरून कधीच कळत नसे.

वास्तविक इथं थांबायला हवं होतं. पण तीन पेशंट गमावलेला डॉक्टर चौथ्याच्या बाबतीत फार काळजीपूर्वक वागतो. डॉक्टरांनी चौथं बटण काढलं, पुसलं, त्यावर फुंकर घातली, डावीकडच्या दारात अगदी अलगद बसवलं आणि श्वास रोखून दाबलं. चर्र!

ठकी खरेदीवरून परत आली तेव्हा तिचे वडील पडवीच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसले होते. "अरे वा बाबा, मस्त! सगळ्या काचा उघड्या! काय छान वारं येतंय!" असं म्हणून ती गाडीत डोकावली. मग तिनं वडिलांचा चेहरा पाहिला, आजोबांचा पाहिला, आणि पिशव्या घेऊन गुपचूप आत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यातली हत्यारं घेऊन आले. कपाळावर दिवा बांधला, हातमोजे चढवले आणि डावीकडच्या दाराचं आतलं अस्तर उचकटायला सुरुवात केली. अस्तर प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसवलेलं होतं. खुंट्या गाडीच्याच वयाच्या होत्या. एकेक खुंटी 'टप्' करून तुटली की डॉक्टर "असू दे, असू दे," असं मऊ आवाजात म्हणत. ते दाराला धीर देत होते की स्वतःला, कोण जाणे.

अस्तर निघालं. आत अंधार. डॉक्टरांनी दात बघायचा छोटा आरसा आत सरकवला आणि सवयीनं म्हणाले, "जरा मोठा आ करा."

"त्यानं केलाय तेवढा पुरे आहे," अप्पा खुर्चीवरून म्हणाले.

तेवढ्यात दवाखान्यातून नर्सचा फोन. "डॉक्टर, कधी येताय? पेशंट केव्हाचे तोंड उघडून बसलेत."

"त्यांना म्हणावं मिटा. मी इथं एक उघडून बसलोय ते मिटत नाहीये."

आरशात त्यांना मोटर दिसली, दातेरी चक्र दिसलं, गंज दिसला, आणि कुठल्याशा काळी आत पडलेली एक केसांची पिन दिसली. पिन चिमट्यानं काढताना त्यांना इतका आनंद झाला की बाईंना हाक मारून त्यांनी ती दाखवली. "हे बघ! हेच होतं!" सगळ्यांनी ती पिन हातात घेऊन पाहिली. मग बटण दाबून पाहिलं. ते नव्हतं.

दाराच्या आत एक लोखंडी सळई मात्र खुळखुळत होती. मुख्य आजार सापडत नसला की डॉक्टर लोक हाताला लागेल तो आजार बरा करतात. डॉक्टरांनी कवळीच्या हिरड्या बनवायची गुलाबी पेस्ट मळली आणि त्या सळईभोवती गच्च लिंपून टाकली. पाच मिनिटांत पेस्ट दगड झाली. खुळखुळ थांबली. अस्तर परत बसवायला खुंट्या उरल्या नव्हत्या. तेही त्यांनी त्याच पेस्टनं चिकटवलं.

"दार आता नव्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

"आणि काच?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. बाईंनी फोन काढला.

शुक्रवारी दुपारी बॅटरीवाला आला. कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. गाड्यांच्या बॅटऱ्या, दिवे, भोंगे, सगळं तोच बघायचा. माणूस घाईतला आणि स्वतःवर खूश. त्यानं गाडीला एक फेरी मारली, 'च्यक्' केलं, डावीकडच्या दारातून डोकावला आणि दवाखान्यात डॉक्टर स्वतः रोज जो प्रश्न विचारत, नेमका तोच विचारला:

"आधी कोणी काम केलंय ह्याच्यावर?"

डॉक्टर नखं बघू लागले. "केलंय... एकानं."

"कोण होता?"

"होता एक."

"त्याला परत हात लावू देऊ नका. हे गुलाबी काय थापलंय आत?"

"ते... तसंच असतं बहुतेक," डॉक्टर म्हणाले. पडवीतून खोकल्याचा आवाज आला. अप्पांना खोकला नव्हता.

बॅटरीवाल्यानं दार आणि गाडी यांच्या मधली रबरी नळी वाकवली आणि आतली वायर बाहेर ओढून दाखवली. दार उघडबंद होऊन होऊन तिचं वरचं आवरण झिजलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. "ही बघा तुमची भानगड. काच वर न्यायचं बटण दाबलं की इथं ठिणगी उडते आणि बटणाची वरची बाजू जळून जाते. खालची बाजू बरी राहते. पहिलं बटण असंच गेलं असणार. मला एक कळत नाही, बाकीची तीन कशी जळाली? ती तर ह्या दारात नव्हतीच."

डॉक्टर पुन्हा नखं बघू लागले. बाई फार प्रयत्नपूर्वक आभाळाकडे बघत होत्या.

तार त्यानं चुटकीसरशी जोडली. पण बटणांचं काय? या जातीची बटणं बनवणारा कारखाना बंद पडूनही जमाना झाला होता. मागवायची तर कुठून, आणि उद्या तर लग्न. बॅटरीवाला डोकं खाजवत बोनेटला टेकला, आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"एक होऊ शकतं. बटणाची खालची बाजू जिवंत आहे ना? मी मोटरच्या वायरी उलट्या जोडतो. म्हणजे खाली दाबलं की काच वर जाईल. पण मग खाली येणार नाही. तेवढं बघा. काच वर हवी की खाली? दोन्ही नाही मिळणार."

यावर पडवीत घरची बैठक बसली.

"खाली," ठकी म्हणाली. "ह्या उकाड्यात बंद गाडीत मी नाही बसणार."

"वर," बाई म्हणाल्या. "केस बांधायला दोन तास जाणार आहेत तुझे. धूळ खात, झिंज्या उडवत उतरणार आहेस का सगळ्यांपुढं? आणि समुद्रावर रात्री गाडी उघडी ठेवणार?"

"पण आई, श्वास?"

"कार्यालय काही परदेशात नाही. तेवढा वेळ पुरतो माणसाला."

"पण का म्हणून..."

"हे बघ, तुझं हे 'पण' तुझ्या जन्माआधी आलं होतं बाहेर!"

डॉक्टरांना मत विचारलं नाही. अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "बंद काचेची गाडी दिसते चांगली." मग वर ठरलं. बॅटरीवाल्यानं अंधार पडायच्या आत वायरी फिरवल्या आणि सर्वांदेखत एकेक बटण खाली दाबलं. एकामागून एक चारही काचा गुणगुणत वर गेल्या आणि गच्च बसल्या. ठकीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. डॉक्टर पुन्हा पुन्हा फडक्यानं काचा पुसत राहिले.

शनिवारी सकाळी गाडी निघाली. चालवायला डॉक्टर, शेजारी बाई, मागं ठकी आणि अप्पा. गल्लीतली माणसं बाहेर येऊन हात हलवत होती. त्यांचे आवाज आत येत नव्हते. कोपऱ्यापर्यंत हे फार राजेशाही वाटलं. कोपऱ्यानंतर उकडायला लागलं.

चौक आला तेव्हा काचांवर आतून वाफ धरली होती. बाई हातपंख्यासारखी पर्स हलवत होत्या. ठकीच्या कपाळावरून रंगाचा एक ओघळ निघून भुवईपाशी विचार करत थांबला होता. "बाबा," ती म्हणाली, "मी लग्नाला चाललेय की सर्दीची वाफ घ्यायला?"

"पोचलोच," डॉक्टर म्हणाले. आणि नेमका चौकातल्या वाहतूक पोलिसानं हात केला.

पोलीस काचेपाशी आला आणि काच खाली करा अशी खूण केली. डॉक्टरांनी मान हलवून 'होत नाही' अशी खूण केली. पोलिसाला ती 'करत नाही' अशी दिसली. त्यानं बोटानं काच वाजवली. डॉक्टरांनी हात जोडले. पोलिसाची मुद्रा कठोर झाली. शेवटी डॉक्टरांनी दार उघडलं, ते पोलिसाच्या पोटाला लागलं.

"अहो, भररस्त्यात दार काय उघडता? काच खाली करायला काय होतं?"

"साहेब, काचा फक्त वर जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे खाली येत नाहीत."

पोलिसानं वाकून आत पाहिलं. त्याला घामाघूम नवरी दिसली, डोळे मिटून बसलेले म्हातारे गृहस्थ दिसले. "ह्यांना बरं नाहीये का? कुठं घेऊन चाललाय तुम्ही ह्या मुलीला?"

आता मात्र बाईंचा संयम संपला. शाळेतल्या दांडग्या पोरांना एका वाक्यात खाली बसवणाऱ्या बाई. खाली उतरून दोन शब्द सुनवावेत म्हणून त्यांनी आपल्या दाराची कडी ओढली. कडी जागची हलली नाही. पुन्हा ओढली. खांदा लावला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "दार उघडत नाहीये."

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं ती लोखंडी सळई आली. तिच्याभोवतीची दगड झालेली गुलाबी पेस्ट आली. ती सळई कशासाठी खुळखुळत होती, हे त्यांना त्या चौकात, पोलिसासमोर, लख्ख कळलं. आतली कडी ओढली की तीच सळई हलून दार उघडायचं.

"बाहेरून उघडेल," ते म्हणाले. "मी येतो ना उघडायला. प्रत्येक वेळी."

पोलिसाला सगळं सांगण्यात वेळ गेला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ते जाऊ द्या हो. मी थांबवलं ते वेगळ्यासाठी. गाडी कोणत्या सालची आहे? आमच्या साहेबांकडे अशीच होती." अप्पांनी डोळे न उघडता साल सांगितलं. पोलिसानं कडक सलाम ठोकला आणि बाकीची वाहनं अडवून त्यांना वाट करून दिली.

गाडी चौकातून पुढं निघाली. बंद काचांमुळं इंजिनचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटत होता. मग मागून अप्पांचा आवाज आला.

"ती डावीकडची काच पहिल्यापासून तसलीच होती."

"कोणती?" डॉक्टरांनी आरशातून विचारलं.

"तुम्ही आरसा घालून बघत होतात ती. गाडी घेतली त्याच वर्षापासून वर जायला कुरकुर करायची. कधी जागची हलायची नाही, कधी अर्ध्यात थांबायची. चारचौघांत अडकली तर काय शोभा राहिली असती? मग मी बटण दाबायचो आणि हिची आजी पर्सआडून तळहात लावून काच वर ढकलायची. चेहरा असा, की जसं काही बाहेरची झाडं बघतेय. लोक म्हणायचे, वा, काय पॉवर आहे!"

बाई गर्रकन मागं वळल्या. "अप्पा! आईनं कधी सांगितलं नाही मला!"

"तिनंच शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून. ती सुटली तिच्याबरोबर. आज गाडीतून लग्नाला निघालो, तिची आठवण झाली, म्हणून सांगितलं." अप्पांनी रुमाल काढून मान पुसली, मग डोळेही पुसले. घाम सगळ्यांनाच आला होता, त्यामुळं कोणी काही विचारलं नाही.

डॉक्टरांना मात्र राहवेना. "अप्पा, मी दोन दिवस त्या दारात डोकं घालून बसलो होतो. तेव्हा सांगायचं होतं ना एक शब्द!"

"तुम्ही विचारलंत कुठं? आणि इतके रमला होतात. माणूस रमला की मोडता घालू नये." अप्पा थोडं थांबले. "पण एक आहे, जावईबापू. ती काच हात न लावता अशी सरळ वर गेलेली मी काल पहिल्यांदा पाहिली. चांगलं झालं काम."

डॉक्टरांनी गाडीचा वेग जरा कमी केला. त्यांना पुढचं नीट दिसेना. अर्थात काचेवर वाफ होतीच.

कार्यालयासमोर गाडी थांबली तेव्हा अकराला थोडाच अवकाश होता. व्याही मंडळी, नवरा मुलगा आणि बाईंच्या शाळेतल्या सहकारी शिक्षिका पायऱ्यांवर उभ्या होत्या. डॉक्टर लगबगीनं उतरले, अख्ख्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि बाईंसाठी दार उघडून, हात पुढं करून उभे राहिले. बाई उतरल्या.

शिक्षिकांमध्ये कुजबुज झाली. "बघितलंत? लेकीचं लग्न आलं तरी अजून दार उघडून देतात!" एकीनं आपल्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा लगेच तिची पर्स धरायला गेला. बाईंच्या कानावर हे पडलं. त्यांनी खुलासा केला नाही. उलट जाताना डॉक्टरांच्या हाताला धरूनच पायऱ्या चढल्या, त्याही जरा सावकाश.

सह्या झाल्या, हार झाले, जेवण झालं. ठकीचा चेहरा धुऊन पुन्हा रंगवला गेला. मग निघायची वेळ आली. नवरा मुलगा गाडी चालवायला बसला. डॉक्टरांनी चालकाच्या उघड्या दारातून त्याला समजावलं, "हे बघा, बाकी गाडी झकास आहे. फक्त काचांच्या बटणांना हात लावू नका. ठकीचं दार बाहेरून उघडायचं. उकडलं तर झाडाखाली थांबून चारही दारं उघडा. आणि काही बिघडलं तर..." ते अडखळले. "माणूस बोलवा."

ठकी पुढं, डावीकडच्या सीटवर बसली. डॉक्टरांनीच तिचं दार लावलं.

बाईंना सकाळपासून लेकीशी निवांत बोलायला सापडलं नव्हतं. सांगायचं तर मनात किती साठलेलं. त्या घाईनं पुढं झाल्या, काचेपाशी वाकल्या आणि बोलू लागल्या. पोचल्याबरोबर फोन कर. खोल पाण्यात जाऊ नकोस. रागावलीस तर जेवणावर राग काढू नकोस. त्याच्या आईला पहिल्याच आठवड्यात काही शिकवायला जाऊ नकोस, आणि ती काही शिकवेल तेव्हा 'पण का' म्हणू नकोस. पहाटे उठायची सवय लाव. ओल्या केसांनी झोपू नकोस. चुकलीस तर चुकले म्हण, त्यानं कोणी लहान होत नाही. आणि ये. कधीही वाटलं की उठून ये, आधी कळवायची गरज नाही.

काचेपलीकडे ठकी आईच्या तोंडाकडे एकटक बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. तिनं आतून काचेला तळहात लावला. बाईंनी बाहेरून लावला. बाई बोलत होत्या आणि ठकी मान हलवत होती. हो. हो. हो. गाडी हलली तरी ती मान हलवतच होती.

गाडी वळणाआड गेली. बाईंनी डोळे पुसले, विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि भारावलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला सांगते, लहानपणापासून एक वाक्य माझं पुरं होऊ दिलं नाही हिनं. आज मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एका शब्दानं उलट बोलली नाही. सगळं पटलं तिला. लग्नानं मुली खरंच समजूतदार होतात."

डॉक्टर काहीतरी बोलायला पुढं झाले, पण बाईंच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून थांबले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. ते खांबाआड गेले.

"बाबा," ठकीचा आवाज होता, नाक ओढत, "आई मघाशी काय सांगत होती रे? मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

डॉक्टरांनी खांबाआडून बाईंकडे पाहिलं. त्या अजून विहीणबाईंना सांगत होत्या.

"नीट जा, म्हणाली."

"एवढंच? अरे, केवढा वेळ बोलत होती!"

"हो," डॉक्टर म्हणाले, "दोनदा म्हणाली."